एका गाण्याचा पाहुणा

६ जुलै २०१३ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेल्यावर, लंडनहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो हाइड पार्कमधून चालत बाहेर पडत होता. मागे गर्दीचा कालवा ऐकू येत होता. "दादा, तो आला होता," एवढेच तो आधी म्हणाला. कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. "'मिडनाइट रॅम्बलर'ला आला. केस पिकलेत, अंगानं भरलाय. पण पहिला सूर लावला आणि सांगतो, सरसरून काटा आला." मग थोडा वेळ नुसताच गोंगाट. पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "पण एकच गाणं रे, दादा. शेवटच्या 'सॅटिसफॅक्शन'ला परत बोलावलं, तर हातात अकूस्टिक गिटार. एवढ्या दणदणाटात ती ऐकू कुणाला येणार?"

तो म्हणजे मिक टेलर. १९६९ ते १९७४ या काळात रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक. १९६२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या बँडने पन्नाशी साजरी करताना, २०१२ ते २०१४ या काळात, आपल्या या जुन्या साथीदाराला मंचावर पाहुणा म्हणून बोलावले. बोलावले ते बरे केले का? बोलावले तर एका-दोन गाण्यांपुरतेच का? आणि एकदा बोलावल्यावर पुन्हा विसरले कसे? या तीन प्रश्नांवर जगभरचे चाहते आजही तावातावाने भांडतात. पुण्यात आमच्या घरी रविवारी सकाळी जमणारे चार-पाच जणही त्याला अपवाद नाहीत. पोहे ताटलीत सुकतात, चहा दुसऱ्यांदा गरम होतो, आणि वाद होता तिथेच राहतो.

बाहेरच्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. मला तसे वाटत नाही. एखाद्या आवाजावर हक्क कुणाचा, हा या भांडणाच्या तळाशी असलेला प्रश्न आहे, आणि तो प्रश्न खरा आहे.

हॅटफील्डचा मुलगा

टेलरचा जन्म १९४९ चा, लंडनच्या उत्तरेकडच्या वेल्विन गार्डन सिटीतला. वाढला शेजारच्या हॅटफील्डमध्ये. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो जवळच्या एका सभागृहात जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'चा कार्यक्रम ऐकायला गेला. त्या दिवशी बँडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन आलाच नाही. त्याची गिटार मात्र मंचावर होती. मध्यंतरात हा पोरगा मेयॉलकडे गेला आणि म्हणाला, मी वाजवू का? उरलेला अर्धा कार्यक्रम त्याने वाजवला. पुढे १९६७ मध्ये क्लॅप्टननंतरचा गिटारवादक पीटर ग्रीन बाहेर पडला तेव्हा मेयॉलला हा मुलगा आठवला आणि त्याने त्याला रीतसर बँडमध्ये घेतले. म्हणजे टेलरच्या कारकिर्दीची सुरुवातही दुसऱ्याच्या जागेवर, ऐनवेळी उभे राहूनच झाली.

१९६९ च्या उन्हाळ्यात स्टोन्सने ब्रायन जोन्सला बाजूला केले आणि टेलरला बोलावले. 'हॉन्की टॉन्क विमेन'च्या ध्वनिमुद्रणात त्याची गिटार भरली गेली. ३ जुलैला, बँडमधून बाहेर पडून महिनाही झाला नव्हता तोच, जोन्स आपल्या घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. दोनच दिवसांनी, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये आधीच ठरलेला मोफत कार्यक्रम त्याच्या स्मरणार्थ झाला. समोर लाखोंचा समुदाय, मंचावर वीस वर्षांचा टेलर, आणि ज्याच्या जागी तो उभा होता त्या माणसावर अजून अंत्यसंस्कारही झालेले नव्हते. पहिलाच कार्यक्रम असा असतो का कुणाचा?

चव्वेचाळीस वर्षांनी त्याच बागेत माझ्या मावसभावाने त्याला पाहिले. १९६९ च्या त्या मंचावरचे चौघे २०१३ मध्ये पुन्हा तिथे एकत्र उभे होते: मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, चार्ली वॉट्स आणि टेलर. त्यांपैकी तिघे यजमान होते, एक पाहुणा.

काय होते त्या साडेपाच वर्षांत?

'स्टिकी फिंगर्स' १९७१, 'एक्साइल ऑन मेन स्ट्रीट' १९७२, 'गोट्स हेड सूप' १९७३, 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल' १९७४. त्याआधी 'लेट इट ब्लीड'मधली दोन गाणी आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या १९६९ च्या कार्यक्रमांची तबकडी. हे टेलर पर्व. स्टोन्सचा सर्वोत्तम काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक चाहते याच पर्वाकडे बोट दाखवतील. खुद्द जॅगरनेही १९९५ मधल्या एका मोठ्या मुलाखतीत टेलरच्या सुरेलपणाची मनापासून तारीफ केली होती.

टेलरने काय आणले, हे समजायला गिटार वाजवता यायला हवी असे नाही. कीथ रिचर्ड्सची गिटार तोडून तोडून बोलते. सहापैकी एक तार काढून टाकलेली, उरलेल्या पाच तारा 'ओपन जी' या मेळात लावलेल्या, आणि त्यांवर उजव्या हाताचे ते ठसकेबाज आघात. गाण्याचा सांगाडा त्यातून उभा राहतो. टेलर त्या सांगाड्यावरून एक लांब, अखंड रेघ ओढत नेतो. करंगळीत नळी घालून ती तारेवरून सरकवत वाजवायचा प्रकार त्याला विलक्षण साधला होता. सतारीची मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो, कारण तिथेही दोन सुरांमधली वाट महत्त्वाची असते. मी कॉलेजात असताना 'स्वे' हे गाणे आमच्या शेजारच्या सतार शिकणाऱ्या काकूंना ऐकवले होते. त्यांना इंग्रजी शब्द कळले नाहीत, ठेका आवडला नाही. पण गाण्याच्या मध्यावर ती सरकती गिटार आली तशी त्यांची मान हलली. "हा कोण रे?" त्यांनी विचारले. गाणाऱ्याबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही.

'कान्ट यू हिअर मी नॉकिंग' या गाण्याची गोष्ट तर चाहत्यांना तोंडपाठ आहे. पावणेतीन मिनिटांच्या आसपास मूळ गाणे संपते. टेलरनेच पुढे सांगितले आहे की बाकीचे वाद्ये खाली ठेवायच्या बेतात होते, त्याला मात्र पुढे वाजवावेसे वाटले, आणि टेप चालूच होती. बॉबी कीजचा सॅक्सोफोन आला, बिली प्रेस्टनचा ऑर्गन आला, काँगांचा ठेका रंगला, आणि मग टेलर सुरू झाला. गाणे सात मिनिटांवर गेले. आज ते गाणे लोकांना आठवते ते त्या न ठरवलेल्या चार मिनिटांसाठी.

कॅसेटवरची बारीक अक्षरे

१९८७ मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून मी 'स्टिकी फिंगर्स'ची कॅसेट घेतली. लोकलमध्ये दारापाशी उभा राहून आतला कागद उलगडला आणि ती मुंगीएवढी अक्षरे वाचत राहिलो. दहा गाणी. एक जुने ब्लूज सोडले तर बाकी नऊ गाण्यांखाली तीच दोन नावे: जॅगर, रिचर्ड्स.

पुढे वाचत गेलो तसे कळत गेले. 'स्वे'मध्ये रिचर्ड्सची गिटार नाहीच. ठेक्याची गिटार जॅगरची आहे, मींड टेलरची. 'मूनलाइट माइल' झाले त्या रात्री रिचर्ड्स स्टुडिओत नव्हता. जॅगर आणि टेलर यांनी ते गाणे उभे केले. तरीही श्रेय जॅगर आणि रिचर्ड्स यांनाच. स्टोन्सच्या सगळ्या गाण्यांत टेलरचे नाव रचनाकार म्हणून एकाच ठिकाणी छापले आहे: 'एक्साइल'च्या अठरा गाण्यांतल्या 'व्हेंटिलेटर ब्लूज'खाली. 'टाइम वेट्स फॉर नो वन' आणि 'टिल द नेक्स्ट गुडबाय' या गाण्यांवर आपले नाव येईल अशी त्याची अपेक्षा होती. १९७४ च्या शरद ऋतूत तबकडी बाहेर आली तेव्हा ते नव्हते. डिसेंबरमध्ये टेलरने बँड सोडला.

त्याच्या जाण्याची कारणे त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली आहेत. प्रकृती, व्यसनाच्या विळख्यात सापडलेले वातावरण, स्वतःचे काही करायची ओढ, हे सगळे त्यात आहे. श्रेय हे एकमेव कारण होते असे म्हणणे त्याच्यावरही अन्याय करणारे ठरेल. पण ती सल होती, आणि त्याने ती लपवली नाही.

इथे व्यवहार समजून घ्यायला हवा. गाण्याच्या कमाईचे दोन झरे असतात. एक रचनेचा: शब्द ज्याचे, चाल ज्याची, त्याला ते गाणे कुठेही वाजले तरी पैसे मिळतात. दुसरा वादनाचा: त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणात तुम्ही वाजवले म्हणून मिळणारा. पहिला झरा पिढ्यान्‌पिढ्या आटत नाही, दुसरा त्यामानाने क्षीण. मग गाण्याच्या शेवटी सुचलेली, लोकांच्या ओठांवर बसलेली ती दोन मिनिटांची गिटार ही रचना की वादन? रूढ व्यवहार म्हणतो, वादन. ऐकणाऱ्याचा कान म्हणतो, ती काढली तर गाणेच उरत नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात गाण्यांची वाद्यरचना करणारे कितीतरी लोक गोव्याचे होते. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. व्हायोलिनचा ताफा कुठे उचलायचा, ट्रम्पेट कुठे बोलवायचा, अंतऱ्याआधीचा तुकडा कसा बांधायचा, हे त्यांनी कागदावर उतरवले. तबकडीवर नाव संगीतकाराचे आणि गायकाचे. गोन्साल्विस यांचे नाव देशभर पोहोचले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गमतीच्या गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून. ज्यांनी या वादकांच्या गोष्टी आपल्या घरच्या मोठ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना टेलरची सल समजावून सांगावी लागत नाही.

तीन पक्ष

आता भांडणाकडे येतो. २५ नोव्हेंबर २०१२ ला लंडनच्या ओटू सभागृहात टेलर पहिल्यांदा आला. तशी १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका कार्यक्रमात त्याने पाहुणा म्हणून हजेरी लावली होती, पण आता गोष्ट वेगळी होती. पुढे २०१३ च्या अमेरिका दौऱ्यात तो होता, ग्लास्टनबरीत होता, हाइड पार्कच्या दोन्ही दिवशी होता. २०१४ मध्ये अबू धाबी, टोकियो, युरोप, आणि शेवटी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. त्याला ठरून मिळालेले गाणे 'मिडनाइट रॅम्बलर'. काही ठिकाणी 'नॉकिंग' किंवा 'स्वे'. आणि शेवटी सगळ्यांबरोबर 'सॅटिसफॅक्शन'.

पहिला पक्ष म्हणतो: एवढ्या मोठ्या माणसाला एका गाण्यापुरते बोलावणे हा अपमान आहे. आणायचे तर पूर्ण आणा, 'स्टिकी फिंगर्स'ची निम्मी गाणी त्याच्या हाती द्या. आमच्या रविवारच्या मंडळीतले निवृत्त बँक अधिकारी या पक्षाचे. ते म्हणतात, "माहेरवाशिणीला दिवाळीला बोलवायचं, ओवाळायला लावायचं, आणि चार वाजता रिक्षा दाराशी. याला काय माहेरपण म्हणतात?"

दुसरा पक्ष टेलरच्या जागी आलेल्या रॉनी वुडचा. त्यांचे म्हणणे असे की टेलर साडेपाच वर्षे होता, वुड १९७५ पासून आहे. बँड चालवला, मोडता मोडता सांभाळला, तो वुडने. रिचर्ड्सला दोन गिटार एकमेकींत विणायला आवडतात. कोण पुढे, कोण मागे हे कळू नये अशी ती वीण. टेलर आला की वीण उसवते आणि एक जण पुढे, बाकीचे साथीला असे चित्र होते. या पक्षाला मी पूर्वी उडवून लावत असे. मग एक दिवस कानाला हेडफोन लावून १९७८ ची 'सम गर्ल्स' सलग ऐकली, डाव्या आणि उजव्या कानातल्या गिटार वेगळ्या करायचा प्रयत्न केला, आणि हरलो. त्या दिवसापासून वुडबद्दल उणा शब्द मी काढलेला नाही.

शिवाय वुड स्वतः पाहुणा म्हणूनच आला होता. १९७५ च्या अमेरिका दौऱ्यापुरता त्याला 'फेसेस' या बँडकडून उसना घेतला होता. नंतर तो कायमचा राहिला, तरी नव्वदच्या दशकापर्यंत तो पगारी होता, भागीदार नव्हता. पाहुण्याचा घरचा व्हायला किती वर्षे लागतात, हे या बँडमध्ये त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसेल.

तिसरा पक्ष सगळ्यात कडक. त्यांच्या मते टेलर परतला तो जुना टेलर नव्हताच. त्याने फार सूर कोंबले, जागा सोडल्या नाहीत, १९७३ मधली ती थांबून थांबून बोलणारी गिटार गेली. बोलावलेच नसते तर आठवण तरी शाबूत राहिली असती.

या तिसऱ्या म्हणण्यावर मी बराच विचार केला, हाइड पार्कच्या त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिले. आणि 'रॅम्बलर'च का, हेही तिथेच उमगले. हे गाणे म्हणजे आगगाडीसारखे. आधी डुलत निघते, जॅगरचा माउथ ऑर्गन शिटी देतो, हळूहळू वेग वाढतो, मग भरधाव. आणि मध्येच गाडी थांबते. अंधार, शांतता, जॅगर एकेक ओळ पुटपुटतो, प्रत्येक ओळीनंतर सगळी वाद्ये एकदम एक घाव घालतात. मग पुन्हा चाके फिरू लागतात. 'लेट इट ब्लीड'वरच्या मूळ ध्वनिमुद्रणात टेलर नाही, तिथल्या गिटार रिचर्ड्सच्या. पण मंचावर हे गाणे नऊ मिनिटांचे झाले, ते टेलर पर्वात. म्हणजे ज्या गाण्याच्या कागदावर त्याचे नाव नाही आणि ज्याच्या तबकडीवर त्याचे वादनही नाही, ते गाणे त्याने मंचावर घडवले होते, आणि चाळीस वर्षांनी तेच त्याच्या हाती दिले गेले.

चित्रीकरणात एक क्षण आहे. गाडी पुन्हा वेग घेते तेव्हा टेलर मंचाच्या मध्यावर सरकतो. रिचर्ड्स आणि वुड दोघेही त्याच्या अंगाशी येतात. तिघांच्या गिटारींचे दांडे जवळजवळ एकमेकांना लागतात. मागे वॉट्स मान किंचित वाकडी करून त्यांच्याकडे बघतो आहे. टेलर खरोखरच खूप वाजवतो. पण ज्याच्या हाती दहा-बारा मिनिटे आहेत, समोर पासष्ट हजार माणसे आहेत आणि मागे चाळीस वर्षे साठलेली आहेत, तो जागा सोडणार कसा? संथपणा परवडतो तो अख्खी मैफल हाती असलेल्याला. विलंबित ख्याल रंगवायला रात्र लागते. पंधरा मिनिटे दिलीत तर गवई द्रुतानेच सुरुवात करणार. तिसरा पक्ष ज्याला टेलरचा दोष म्हणतो, तो पाहुणेपणाचाच दोष आहे.

पाहुणा कसा बोलवावा

जुने साथीदार परत येण्याच्या तऱ्हा अनेक. १९८२ मध्ये 'जेनेसिस'चा जुना गायक पीटर गेब्रिएल आपल्या महोत्सवाच्या कर्जात बुडाला होता. त्याला सोडवायला २ ऑक्टोबरला बँड मिल्टन कीन्सला एकत्र आला, आणि १९७७ मध्ये सोडून गेलेला गिटारवादक स्टीव्ह हॅकेट शेवटच्या गाण्यांना येऊन उभा राहिला. त्याच्या दोन-तीन गाण्यांवर कुणी भांडले नाही, कारण आले होते ते सगळेच मित्रासाठी. 'जुडास प्रीस्ट'चा के. के. डाउनिंग २०११ मध्ये बाहेर पडला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला सन्मानसोहळ्यात तो जुन्या साथीदारांबरोबर वाजवून गेला. सोहळा संपला, वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. 'गन्स अँड रोझेस'च्या इझी स्ट्रॅडलिनने २०१६ च्या पुनर्मीलनाला नकार दिला आणि कमाईची वाटणी सारखी नाही हे कारण उघड सांगितले. आणि खुद्द स्टोन्सचा जुना बेसवादक बिल वायमन: ओटूमध्ये त्याला दोन गाणी मिळाली, तो नाराज झाला, आणि पुढे अमेरिकेत यायला त्याने नकार दिला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी संस्थांचे दोन राजे, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. दोघांचेही चाहते आपापल्या देवासाठी भांडणारे. पण तिथे कुणी कुणाचा पाहुणा नव्हता. बालगंधर्वांची भामिनी रात्रभर होती, केशवरावांचा धैर्यधरही रात्रभर होता. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्या रात्रीची आठवण शंभर वर्षे टिकली, कारण मान दोघांना सारखा मिळाला होता.

टेलर आणि वुड यांचे मात्र आपसात कधी बिनसले नाही, ही या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी बाब. नोव्हेंबर २०१३ मध्ये वुडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिमी रीड या ब्लूज गायकाला मानवंदना दिली, तेव्हा शेजारी टेलर होता. एक-दोन गाण्यांपुरता नव्हे, बँडमधला म्हणून. तो कार्यक्रम २०२१ मध्ये तबकडीरूपाने आला.  चाहते ज्यांच्या नावाने दोन तट करून बसले आहेत, ते दोघे असे शेजारी बसून वाजवत होते.

घरच्या कार्याला विसरले

२० मे २०१५. लॉस एंजेलिसच्या फोंडा थिएटरात, जेमतेम हजार-बाराशे प्रेक्षकांसमोर, स्टोन्सने 'स्टिकी फिंगर्स'ची दहाच्या दहा गाणी एका बैठकीत वाजवली. असे त्यांनी आधी कधीच केले नव्हते. 'स्वे' झाले, 'नॉकिंग' झाले, 'मूनलाइट माइल'ही झाले. टेलर नव्हता. २०१४ चा दौरा संपल्यावर त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' ही नवी तबकडी निघाली. तीत दिवंगत चार्ली वॉट्सचे वादन आहे, एका गाण्यात बिल वायमनही आहे. टेलर नाही.

२०१५ च्या त्या मे महिन्यात आमच्या रविवारच्या बैठकीत प्रथमच तिन्ही पक्ष एका बाजूला आले. वुडची बाजू लढवणारा आमचा सर्वांत तरुण सभासद म्हणाला, "काका, एरवी सणावाराला जेवायला बोलावलं. आणि घरचं कार्य निघालं तेव्हा पत्रिकाच नाही." बँक अधिकारी त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी 'मूनलाइट माइल' लावले. ते संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

मी स्टोन्सना एकदाच प्रत्यक्ष पाहिले, ७ एप्रिल २००३ ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मुंबईच्या घामट उकाड्यात साठीला टेकलेला जॅगर मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. वुड मनापासून वाजवत होता. माझ्या शेजारी उभा राहिलेला मित्र मात्र मधूनच डोळे मिटून घेत होता. नंतर चर्चगेटला लोकलची वाट बघत त्याला कारण विचारले. म्हणाला, "डोळे मिटले की मला चौथा माणूस दिसतो." त्या वेळी मी हसलो. आज हसणार नाही.

माझे म्हणणे

इतकी वर्षे या भांडणात काढल्यावर मी एका निष्कर्षाला आलो आहे. टेलरला एक गाणे दिले की पाच, त्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार दिली की अकूस्टिक, यावर भांडून हाती काही लागणार नाही. मंचावरची जागा बँडची. ती कुणाला, किती वेळ द्यायची हे ठरवण्याचा हक्क साठ वर्षे बँड चालवणाऱ्यांचा, आणि वुडला बाजूला सारून टेलरला बसवणे हा दुसरा अन्याय झाला असता. पाहुणचार ही यजमानाच्या मर्जीची गोष्ट असते. श्रेय ही मर्जीची गोष्ट नसते. ते देणे असते, आणि देणे पाहुणचाराने फिटत नाही.

आणि हे देणे उशिरा का होईना फेडता येते, हे याच बँडने दाखवले आहे. 'स्टिकी फिंगर्स'वरच्या 'सिस्टर मॉर्फिन' या गाण्यात मेरिअन फेथफुल यांचा वाटा होता. १९७१ च्या तबकडीवर त्यांचे नाव नव्हते. भांडून ते मिळवावे लागले आणि पुढच्या आवृत्त्यांवर छापले गेले. 'द व्हर्व' या बँडच्या 'बिटर स्वीट सिम्फनी' या गाण्याचे श्रेय स्टोन्सच्या जुन्या गाण्याच्या वाद्यवृंदी अवतारातला तुकडा वापरल्यामुळे बावीस वर्षे जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या नावे होते. २०१९ मध्ये त्या दोघांनी ते मूळ लिहिणाऱ्या रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टला स्वखुशीने परत दिले. ज्या दोघांनी एका परक्या बँडच्या मुलाला त्याचे गाणे परत दिले, त्यांना आपल्याच घरातल्या माणसाचे नाव आपल्याच गाण्याखाली लिहिणे अवघड नाही.

टेलरने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. जॅगर आणि रिचर्ड्स ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. आता कुणाला दौऱ्यावर बोलावण्याची गोष्ट उरलेली नाही. एका पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठामागे एक नाव वाढवायचे आहे, एवढेच.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत एका रात्री, फटाके थांबल्यावर, 'मूनलाइट माइल' ऐका. पावणेसहा-सहा मिनिटांचे गाणे आहे. त्यात कीथ रिचर्ड्स वाजवत नाही. त्याखाली आजही दोनच नावे छापली जातात: जॅगर आणि रिचर्ड्स.